गाठी उठण्याआधी लम्पी ओळखायचा कसा?

पावसाळा सुरू झाला की व्हॉट्सॲपवर फोटो फिरायला लागतात. गायीच्या पाठीवर तीन-चार गाठी, फोटो हललेला, खाली एकच प्रश्न: "लम्पी आहे का?" नुसत्या फोटोवरून याचं खात्रीचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. ताप कधी आला, गाठ बोटांना कशी लागते, खांद्यापुढची ग्रंथी सुजलीय का, त्याच गोठ्यातल्या शेळ्या कशा आहेत, यातलं काहीच फोटोत दिसत नाही. आणि निदान ठरतं ते नेमकं यावरच.

अंगभर गाठी उठलेली गाय गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. पण तोवर दावणीतल्या माश्यांनी रोग पसरवायचं आपलं काम उरकलेलं असतं. म्हणून या लेखात गाठींपेक्षा त्याआधीच्या दोन दिवसांवर जास्त भर आहे. डॉक्टर येईपर्यंत मालकाने स्वतः काय पाहायचं, कशावर शंका घ्यायची आणि डॉक्टर आल्यावर काय सांगायचं, एवढाच हा विषय.

थोडी पार्श्वभूमी

लम्पी हा देवीच्या विषाणूंच्या कुळातला रोग. मेंढ्यांच्या आणि शेळ्यांच्या देवीचे विषाणू याचे सख्खे भाऊबंद, म्हणूनच 2022 साली आपल्याकडे गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. रोगाची पहिली नोंद 1929 ची, आजच्या झांबियातली. भारतात तो 2019 मध्ये ओडिशात सापडला. महाराष्ट्रात 2020 मध्ये गडचिरोलीकडे दिसला आणि ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यापासून जी लाट उठली ती राज्यभर पसरली. बैलपोळ्याला बैल घराबाहेर न काढण्याची वेळ आली ती त्याच वर्षी.

विषाणू पसरवतात मुख्यतः चावणारे जीव: गोठ्यातली चावरी माशी, डास, गोचीड. आजारी जनावराची लाळ, नाकातला स्राव, एकाच सुईने अनेकांना दिलेलं इंजेक्शन, बाधित वळूचं वीर्य हे बाकीचे रस्ते. माणसाला हा रोग होत नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावं.

गायवर्गात तो जोरात होतो, म्हशीत क्वचित आणि सौम्य. शेळ्या-मेंढ्यांना मात्र होत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, निदान करताना कामाला येतो.

आधी चौकशी, मग तपासणी

जनावराला हात लावण्याआधी गेल्या चार आठवड्यांचा हिशेब मांडा. विषाणू शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण 4 ते 14 दिवस जातात, कधी त्याहूनही जास्त. जागतिक पशुआरोग्य संघटना नियमांसाठी हा काळ 28 दिवसांचा धरते. तेव्हा या 28 दिवसांत बाजारातून नवं जनावर आलं का? आपलं जनावर यात्रेला, शर्यतीला किंवा दुसऱ्याच्या वळूकडे गेलं होतं का? शेजारच्या वस्तीवर कोणाचं जनावर तापलं का? लस टोचली असेल तर कोणत्या तारखेला?

लसीची तारीख बहुतेकांना आठवत नाही. "टोचली की गेल्या वर्षी" एवढंच उत्तर मिळतं. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक दवाखान्यात दिला, की नोंद झाली असल्यास तारीख तिथे मिळते. लस टोचल्यावर पुरतं संरक्षण यायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्याआधी रोग झाला तर लस फसली असं म्हणता येत नाही, कारण बहुधा विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो.

पहिला दिवस: थर्मामीटर

लम्पीचं पहिलं लक्षण ताप. गाय मान खाली टाकून उभी राहते, वैरणीला तोंड लावते पण खात नाही, रवंथ कमी होतो, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येतं. दुभती असेल तर त्याच धारेला दूध झटकन उतरतं. ही सगळी लक्षणं दहा आजारांत दिसतात, म्हणून इथे अंदाजावर थांबू नये. कान चाचपून ताप ठरवायची सवय सोडलेलीच बरी. कान गार लागतो आणि आत 105 अंश फॅरनहाइट ताप असतो, असं सर्रास घडतं.

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याला दोरा बांधा आणि दोऱ्याचं दुसरं टोक चिमट्याने शेपटीच्या केसांना लावा. टोकाला थोडं तेल लावून तो गुदद्वारातून आत सरकवा आणि किंचित तिरका धरा, म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकेल. शेणाच्या गोळ्यात रुतलं तर आकडा कमी येतो. ताप सकाळी लवकर, सावलीत बघा. दुपारी उन्हातून आलेल्या संकरित गायीचं तापमान आजार नसतानाही चढलेलं असतं.

गायीचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. लम्पीत ते 104 ते 106 पर्यंत जातं आणि काही जनावरांत आठवडाभरही उतरत नाही. गावात लम्पी आहे आणि सकाळच्या गारव्यात 103 च्या वर आकडा दिसला, तर त्या जनावराला तेव्हाच वेगळं बांधा. गाठींची वाट पाहू नका. उद्या दुसराच आजार निघाला तरी वेगळं बांधल्याने काही बिघडलेलं नसतं.

तापाची गोळी देण्याआधी आकडा लिहून ठेवा. गोळी दिल्यानंतर डॉक्टर आले की थर्मामीटर 101 दाखवतो आणि निदानाचा एक धागा तुटतो.

हाताने पाहायच्या ग्रंथी

ही पायरी सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित. पायाला जखम झाली की माणसाच्या जांघेत अवधाण येतं, तशाच जनावराच्या लसिका ग्रंथी सुजतात. लम्पीत त्या गाठींच्या आधी किंवा गाठींसोबतच सुजतात आणि बोटांना स्पष्ट कळतात.

दोन जागा पाहा. पहिली खांद्यापुढे. जनावराच्या बाजूला उभे राहा. मान जिथे खांद्याला मिळते तिथे खांद्याच्या सांध्याच्या थोडं वर आणि पुढे एक खोलगट पट्टी लागते. चारही बोटं तिथे आत दाबून पुढे-मागे सरकवा. निरोगी जनावरात तिथे एक लांबट, हलणारी ग्रंथी जेमतेम लागते. लम्पीत ती ठळक आणि मोठी होते, कधी कधी लांबूनही फुगवटा दिसतो. दुसरी जागा मांडीच्या पुढे, पोट आणि मांडी यांच्यामधल्या कातड्याच्या घडीच्या वर. तिथेही ग्रंथी उभी, लांबट असते.

दोन्ही बाजू तपासा. एकाच बाजूची सुजली असेल तर त्या पायाला किंवा त्या अंगाला जखम आहे का ते आधी शोधा. मोठी म्हणजे किती मोठी, हा प्रश्न पडतोच. त्याला सोपा उपाय म्हणजे आधी दावणीतल्या एका ठणठणीत गायीची ग्रंथी चाचपा आणि मग आजारी गायीकडे या. मात्र आजारी जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पुन्हा निरोगी जनावराकडे जाऊ नका.

एक अडचण इथे येतेच. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरियातही हाच ताप आणि याच ग्रंथी. तेव्हा खालची पापणी उलटून पाहा. पांढुरकी किंवा पिवळट दिसली, जनावराला धाप लागत असेल, अंगावर गोचीड भरपूर असतील, तर थायलेरियाचा संशय वाढतो आणि रक्ताची काचपट्टी तपासणं भाग पडतं. संकरित वासरांत थायलेरियामुळे कातडीवर गाठी उठल्याचीही उदाहरणं आहेत. शिवाय दोन्ही रोग एकाच जनावरात असू शकतात. लम्पीचं जनावर अपेक्षेपेक्षा खूपच खालावलं तर आम्ही आधी रक्त तपासायला सांगतो ते याचसाठी.

गाठ: डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त

ताप आल्यापासून साधारण दोन दिवसांत गाठी दिसू लागतात. सुरुवात मान, पाठ, पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी), कास, मांड्या, जननेंद्रियांभोवतीचा भाग, नाकपुड्या आणि डोळ्यांभोवतीची कातडी अशी कुठूनही होते. आकार साधारण 2 ते 5 सेंटिमीटर, म्हणजे सुपारीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या. कुणाला चार-पाच, कुणाला शेकड्यांनी.

पांढऱ्या खिल्लार बैलावर त्या लगेच दिसतात. काळ्या होल्स्टीन गायीवर मात्र समोरून बघून काही कळत नाही. अंधारात बाजूने टॉर्च मारा. गाठीवरचे केस ताठ उभे राहतात, त्यांची सावली पडते. केस दाट असतील तर तळहात मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश फिरवा.

आता एक गाठ चिमटीत धरा. लम्पीची गाठ टणक, गोल आणि कडा स्पष्ट असलेली असते. ती नुसती वरच्या सालीत नसते, कातडीच्या पूर्ण जाडीत आणि तिच्या खालच्या थरापर्यंत रुतलेली असते, कधी खालच्या मांसापर्यंत. चिमटीत आलेली कातडी आणि गाठ एकच आहेत असं वाटतं. बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल तर ती सूज आहे, गाठ नव्हे.

पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत गाठीचा मधला भाग मरतो, काळपट पडतो, भोवती खाच पडते आणि मधला गोळा बुचासारखा सुटून येतो. मागे खोल जखम राहते. ही अवस्था लम्पीची जवळजवळ सहीच म्हणावी, इतर कोणत्या रोगात ती अशी सहसा दिसत नाही. गाठ स्वतः फोडू नका आणि ब्लेड लावू नका. अशी जखम माशीला आमंत्रण असते आणि मग अळ्या पडतात.

गाठी नसलेल्या जागाही पाहून घ्या. तोंड उघडून हिरड्या, जीभ, नाकपुडीची आतली बाजू बघा. तिथे चट्टे किंवा फोड असतील तर लाळ गळते, श्वास घरघरतो. डोळ्यावर पांढरट सारा येऊ शकतो. पाय आणि पोळी सुजतात, इतकी की जनावर चालायला तयार होत नाही. गाभण गाय गाभ टाकू शकते. वासरांत सगळंच जास्त तीव्र असतं.

आणि हेही ध्यानात असू द्या की प्रत्येक बाधित जनावराच्या अंगावर गाठी उठत नाहीत. प्रयोगशाळेत मुद्दाम विषाणू टोचलेल्या जनावरांतही सगळ्यांना त्या आल्या नाहीत. दावणीत एकाला लम्पी ठरला असेल तर शेजारचं नुसतं तापलेलं जनावरही तसंच समजून वागवावं.

लम्पीसारखं दिसणारं, पण लम्पी नसलेलं

खरा गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

लाळ खुरकूत: ताप, लाळ, लंगडणं इथेही आहे. पण फोड जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या बेचक्यात येतात, अंगभर गाठी नसतात. म्हैस, शेळी, मेंढी यांनाही हा रोग होतो. गोठ्यातल्या शेळ्यांना आणि म्हशींनाही एकाच आठवड्यात त्रास सुरू झाला, तर आधी खुरं बघा.

पित्ताच्या गांधी: औषध, चारा किंवा कीटकदंशाच्या ॲलर्जीने तासाभरात अंगभर फुगवटे येतात. ते मऊ आणि सपाट असतात, ताप बहुधा नसतो आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी खुणाही उरत नाहीत. लम्पीची गाठ एका रात्रीत विरत नाही. शंका असेल तर पेनाने दोन फुगवट्यांभोवती गोल काढून ठेवा आणि चोवीस तासांनी बघा. मात्र डोळे-ओठ सुजून धाप लागली असेल तर पेन शोधत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

खोटी लम्पी: गायीतल्या एका नागीण-कुळातल्या विषाणूमुळे हुबेहूब अंगभर उठणारा, पण सौम्य आजार. फरक खोलीचा. याचे चट्टे कातडीच्या वरच्या थरातच असतात, कडा उंच आणि मध्य किंचित खोल असतो, दोनेक आठवड्यांत खपली पडून व्रण न राहता भरतात. जनावर फारसं खचत नाही. नुसत्या नजरेने दोन्ही वेगळे काढणं अनुभवी डॉक्टरांनाही जड जातं, इथे प्रयोगशाळाच हवी.

गजकर्ण: राखाडी, कोरडे, केस गळालेले गोल चट्टे, बहुतेक वासरांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर. ताप नाही, ग्रंथी सुजलेल्या नाहीत.

चामखीळ: खरबरीत, कातडीच्या बाहेर लोंबणारी, महिनोन्‌महिने तशीच.

पावसात सतत भिजलेल्या जनावरांच्या पाठीवर, विशेषतः कोकणपट्ट्यात, केसांचे झुपके एकत्र चिकटून जाड खपल्या येतात. झुपका ओढला की खपलीसकट निघतो आणि खाली ओलसर कातडी दिसते. तो जिवाणूंचा संसर्ग.

घाणेरी म्हणजे टणटणी खाल्ल्यावर यकृत बिघडून उन्हात कातडी भाजते. बांड्या गायीत फक्त पांढरे पट्टे लाल होऊन सोलवटतात, काळे शाबूत राहतात. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

तिवा: गाठी येण्याआधी लम्पीशी याची गल्लत सर्वांत जास्त होते. अचानक जोराचा ताप, अंग आखडणं, आज पुढचा पाय तर उद्या मागचा लंगडणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जनावरं आपोआप सावरतात. तापाच्या तिसऱ्या दिवशी ग्रंथी फुगलेल्या आणि अंगावर पहिल्या गाठी असतील, तर तो तिवा नव्हे.

घटसर्प: गळ्याखाली सूज, घुरघुर, एक-दोन दिवसांत मृत्यू. लम्पीची सूज इतक्या वेगाने चढत नाही. इथे विचार करत न बसता तातडीने फोन करा.

लस दिल्यानंतर उठणारी गाठ हा वेगळा विषय. टोचल्याच्या जागी छोटी सूज, एखाद-दोन दिवस हलका ताप, दूध थोडं कमी, एवढं चालतं. लस दिल्यावर आठ-दहा दिवसांत अंगभर मोठ्या गाठी आल्या तर बहुधा लशीच्या आधीच लागण झालेली असते. लशीचा विषाणू की खरा, हे पीसीआरवर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीवर) वेगळं ओळखता येतं.

नमुना: कोणता, कधी, कसा

नमुना डॉक्टरांनीच घ्यावा, पण चुकीचा नमुना जाऊ नये म्हणून मालकाला माहिती असलेली बरी.

ताप असतानाचे आणि पुढचे आठवडा-दोन आठवडे विषाणू रक्तात असतो, तेव्हा जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीतलं (जिच्यात रक्त साकळत नाही) रक्त चालतं. त्यानंतर रक्तात तो सापडेलच असं नाही. पंधरा-वीस दिवसांनी घेतलेल्या रक्ताचा अहवाल "नाही" आला म्हणून लम्पी नव्हता, असा अर्थ काढू नका. कातडीत विषाणू जास्त आणि जास्त काळ टिकतो. म्हणून सर्वांत भरवशाचा नमुना म्हणजे ताज्या गाठीचा तुकडा किंवा खपली. गाठीचा तुकडा घेताना तिथली कातडी बधिर करायची असते. नाकातल्या स्रावाचा बोळाही जोडीला घेतात.

पीसीआरसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (मांसाचा नमुना टिकवायच्या द्रवात) टाकू नये. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या असतील तर त्यासाठी वेगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये द्यावा. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, प्रत्येक नळीवर बिल्ला क्रमांक आणि तारीख, आणि सोबत ताप कधी आला, गाठी कधी उठल्या, लस कधी दिली याची चिठ्ठी. ईडीटीए रक्त गोठवू नये, फक्त गार ठेवावं.

राज्यात नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. राष्ट्रीय पातळीवर भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीने रोगाचा संबंध कळतो, पण लशीचे प्रतिपिंड आणि रोगाचे प्रतिपिंड त्यातून सहसा वेगळे निघत नाहीत, म्हणून लसीकरण झालेल्या गावात तिचा उपयोग मर्यादित.

प्रत्येक जनावराचा नमुना पाठवायची गरज नसते. गावात एकदा प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं की पुढची जनावरं लक्षणांवरून ठरवता येतात. चित्र विचित्र असेल, म्हैस आजारी असेल किंवा मृत्यू जास्त होत असतील, तर मात्र पुन्हा तपासावं.

कळवणं

जनावरांमधील संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे संशय आल्यावर कळवणं मालकावर बंधनकारक आहे. पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामपंचायत किंवा 1962 हा टोल फ्री क्रमांक. बाजारभाव पडेल या भीतीने लोक गप्प बसतात आणि रातोरात जनावर दुसऱ्या तालुक्यात विकून मोकळे होतात. रोग माशीपेक्षा अशा टेम्पोतून लांब जातो. शिवाय जनावर दगावलं आणि आजाराची कुठेच नोंद नसेल, तर नंतर पंचनाम्यात सांगायला हातात काही राहत नाही.

एक वही ठेवा. तारीख, सकाळ-संध्याकाळचा ताप, दूध, चारा खाल्ला का, ग्रंथी, गाठी किती आणि कुठे, कोणतं औषध दिलं. विषाणूवर थेट औषध नाही. डॉक्टर देतात ते तापाचं, जखमेचं आणि वरून होणारा जिवाणूंचा संसर्ग रोखण्यासाठीचं. कोणाला केव्हा काय द्यायचं हे त्यांना ही वहीच सांगते. इंजेक्शनला प्रत्येक जनावरामागे नवी सुई मागा, डॉक्टर ओळखीचे असले तरी.

बरं झालेलं जनावर ओळखणं

बाजारात गाय पाहताना हे कामाला येतं. लम्पी होऊन गेलेल्या जनावराच्या अंगावर गोल, केस नसलेले किंवा वेगळ्या रंगाचे केस आलेले व्रण राहतात. चिमटीत धरल्यावर कातडी तिथे कडक लागते. सगळे व्रण भरलेले असतील तर घाबरायचं कारण नाही, फक्त कास आणि चारही सड दाबून, धार काढून बघा. एखादी खपली अजून चिकटलेली असेल तर व्यवहार पुढे ढकला. सुकलेल्या खपलीत विषाणू महिनाभराहून अधिक टिकतो आणि पीसीआरवर सापडतो. गोठ्यात पडलेल्या खपल्या झाडून जाळाव्यात आणि जमीन 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइटने धुवावी, पण आधी शेण काढून, कारण शेणावर ओतलेलं औषध वाया जातं.

वळूच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नका. गाठी जाऊन तो तजेलदार झाला तरी वीर्यात विषाणू काही आठवडे, कधी महिने सापडू शकतो. वीर्याची तपासणी झाल्याशिवाय त्याच्याकडे गाय नेऊ नये.